बायकोच्या अल्बममधला माझा आवाज

माझ्या बायकोचा पहिला अल्बम निघाला तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती, मी सहासष्टचा, आणि माझा एकही निघालेला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मला कुणी साधू समजायला नको. मी जळलो. चांगला सहा-सात महिने जळलो. लोक घरी येऊन तिचं कौतुक करायचे आणि मी बाहेर जाऊन चपला नीट लावत बसायचो.

गावात गायक म्हणजे मी. देवळाली प्रवराला राहून साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी केली, पण माझी ओळख ती नव्हती. जयंती आली की राहुरीपासून पार काष्टीपर्यंत आमच्या गायन पार्टीला बोलावणी असायची. पुढं पेटी घेऊन मी, शेजारी ढोलकीवाला, आणि मागं कोरसला चार-पाच जण, त्यात ही. मी ओळ टाकायची आणि मागच्यांनी ती उचलून परत म्हणायची. याला आम्ही झील धरणं म्हणतो. चाळीस वर्षं हिनं माझ्यामागं झील धरली. पुढं येऊन एक ओळ कधी म्हटली नाही, आणि मीही कधी 'ये पुढं' म्हटलं नाही. आवाज चांगला आहे हे मला कळत होतं. पण चांगला आवाज मागंच लागतो, असं माझं मत होतं. सोयीचं मत होतं, दुसरं काय!

कॅसेटच्या जमान्यात मी माझी गाण्यांची वही घेऊन पुण्याला एका कंपनीत जाऊन आलो होतो. तिथल्या माणसानं दोन गाणी ऐकली, चहा पाजला आणि म्हणाला, आवाज दमदार आहे, पण असे आवाज आमच्याकडे खूप येतात. घरी येऊन मी हिला सांगितलं की ती कंपनीच आता बंद पडायला आलीय. ती "असंल" म्हणाली आणि ताट वाढलं.

आमची मुलगी नगरला नर्स आहे. दिवाळीला ती घरी आली असताना ही गहू निवडत काहीतरी गुणगुणत होती. पोरीनं ते मोबाईलमध्ये भरून घेतलं आणि विचारलं, "आई, कुणाचं गं हे गाणं?"

"कुनाचं न्हाई. माझंच."

मी पेपर वाचत होतो, तो खाली ठेवला. माझंच म्हणजे? तर म्हणे अशी पंधरा-वीस आहेत. भाकरी थापताना, ऊस खुरपताना जोडलेली. कागदावर एक अक्षर नाही, सगळं डोक्यात. एका घरात एवढी वर्षं काढली आणि माझ्या कानावर एक ओळ नाही!

"मला कधी म्हणून दाखवली नाहीस ती?"

"तुमची वही हुती की," ती म्हणाली. यात टोमणा होता की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

पोरीनं मनावर घेतलं. नगरला सावेडीत तिच्या ओळखीच्या एकाचा स्टुडिओ होता, तिथं तिनं आईची सात गाणी रेकॉर्ड करायचं ठरवलं. मला कुणी विचारलं नाही. "दादा, तुम्ही पेटीला या हं," एवढंच पोरगी बापाला म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण गेलो. घरी बसून काय करणार होतो?

स्टुडिओ म्हणजे बंगल्याची मागची खोली, भिंतींना स्पंज लावलेला. रेकॉर्डिंग करणारा पन्नाशीतला टकला गृहस्थ, बोलायला गोड. त्यानं पोरीच्या मोबाईलमधल्या चालीवर माझी पेटी आधी भरून घेतली, मग हिच्या कानाला हेडफोन लावला, काचेपलीकडं उभी केली आणि ते संगीत सुरू केलं. संगीत वाजलं, सुरुवातीची जागा आली आणि गेली. ही गप्प. पुन्हा लावलं, पुन्हा गप्प. चौथ्यांदा तो आत गेला. "काय झालं ताई? शब्द विसरताय का?"

"न्हाई हो. वळ कुठाय?"

"कसली ओळ?"

"म्होरं कुनीतरी म्हनल्याबिगर मी कशी म्हनू?"

पोरगी हसली, टकला हसला. मी हसलो नाही, कारण मला झालेला आनंद लपवायचा होता. खरं सांगतो, त्या दिवशी सावेडीत माझ्याइतका सुखी माणूस नसेल. गाणी हिची, चाल हिची, पण सुरुवात हिला येत नव्हती! चाळीस वर्षांच्या सवयीनं तिचा गळा दुसऱ्याच्या आवाजाशिवाय उघडतच नव्हता. आणि तो दुसरा आवाज माझा होता.

टकल्यानं तोड काढली. मला शेजारच्या खोलीत दुसऱ्या माईकपुढं बसवलं. मी ओळ म्हणायची, ती हिच्या कानात जाणार, मग ही म्हणणार. "आणि काका, काळजी करू नका," तो म्हणाला, "तुमचा आवाज रेकॉर्डमध्ये येणार नाही. मधल्या जागा मी कापून टाकतो."

काळजी! मी मेल्या मनानं मान हलवली.

तीन दिवस लागले. आधी हिनं मला गाणी शिकवायची, मग मी ती तिला ओळ-ओळ द्यायची. बायकोपुढं बसून बायकोची गाणी पाठ केली, या वयात. "तसं न्हाई, हितं खाली या," असं ती मला सांगायची. मला! आणि गाणी चांगली होती, हे जास्त वाईट. शाळेच्या वाटेवर पाणी मिळायचं नाही, तर हिच्या आईनं ते किती लांबून आणून पाजलं, यावर एक होतं. ते देताना माझा आवाज दोनदा भरून आला, आणि दोन्ही वेळा मला तिचाच राग आला. मी मात्र जीव तोडून गायलो. वाटायचं, कुठंतरी राहील. एखादी ओळ कापायची राहून जाईल आणि लोक विचारतील, हा कोण गातोय?

अल्बम तयार झाल्यावर पोरीनं मोबाईलवर पाठवला. मी पत्र्याच्या खोलीत जाऊन, कानात घालून सातही गाणी ऐकली. तिची नव्हे, माझी चाहूल घेत. पाचव्या गाण्यात दोन ओळींच्या मध्ये काहीतरी ऐकू आलं, मागं घेऊन पुन्हा पुन्हा लावलं. ती तिनं श्वास घेतलेला होता. टकल्यानं काम चोख केलं होतं.

बुद्ध पौर्णिमेला संध्याकाळी विहारात अल्बम जाहीर करायचा ठरला. आठ-दहा दिवस आधीच दारावर फ्लेक्स लावला, त्यावर हिचा हा मोठा फोटो. आमच्या जोडीच्या फोटोतून तिला कापून घेतलेलं होतं आणि तिच्या खांद्याशी माझ्या कोपराचा तुकडा राहिला होता. एकानं मला विचारलंही, हे काय आहे हो? मी म्हटलं, झाड असंल.

वंदना झाली, भाषणं झाली. सगळ्यांनी आपापल्या मोबाईलवर गाणी उघडली, टाळ्या पडल्या. मग विहार कमिटीच्या अध्यक्षांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, आता वहिनींनी एक गाणं समोर म्हणावं.

मी पेटीवर होतोच. ती माझ्याशेजारी उभी राहिली. मी सुरुवात वाजवली आणि ती माझ्याकडं बघायला लागली. ओळीसाठी. दोनशे माणसं बसलेली. मी हळूच ओळ दिली असती तर तिनं उचलली असती, एवढं साधं होतं. पण मला वाटलं, का द्यायची? स्टुडिओत दिली, ती कापून टाकली. आज नाही दिली तर सगळ्यांना कळेल, हिला माझ्याशिवाय जमत नाही. मी पट्ट्यांवर नजर लावली आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. सुरुवात दुसऱ्यांदा वाजवली. पुढं बसलेली आमची पोरगी माझ्याकडं डोळे वटारून बघत होती, ते मला न बघताही कळत होतं.

तिसऱ्यांदा वाजवली आणि हिनं सुरुवात केली. एकटीनं, मोकळ्या गळ्यानं. दुसऱ्या ओळीपासून बायकांनी झील धरली, मग पुरुषांनी. अख्खं विहार तिच्यामागं म्हणत होतं. मी म्हणत नव्हतो. माझे हात वाजवत होते, कारण थांबवायची लाज वाटली.

पेटी उचलून घरी आलो. सकाळी ती चहा घेऊन समोर बसली. आता बोलेल, म्हणून मीच आधी म्हणालो, "काल घसा धरला होता गं."

"असू द्या. मला ठावं हुतं तुमी वळ देनार न्हाई."

"कसं काय?"

"फ्लेक्स आला तवाच तुमचं त्वांड बघितलं. म्हनलं, आता हे काय देत न्हाईत. मंग तुमी कट्ट्यावर गेलं की दार लावून एकलीच सुरू करून बघत हुते. पैलं चार दिस तर त्वांडच उघडंना. मंग तुमचा राग आनला डोक्यात, तवा कुठं निघालं."

मी कप खाली ठेवला. न राहवून विचारलं, "आणि मी दिली असती तर?"

"दिली असती तर तुमच्या मागंच म्हनले असते की. जलमभर म्हनलंच." हे ती रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर मला भांडता आलं असतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. श्रीगोंद्याकडून कुणाचं तरी बोलावणं होतं, विहाराच्या उद्घाटनाला गायचं म्हणून. ती उभी राहून, पदर सावरून बोलत होती, फोनवरच्या माणसाला पदर दिसणार असल्यासारखी. ढोलकीवाला त्यांचाच असणार होता. मग त्यानं पेटीचं विचारलं असावं.

"व्हय व्हय," ती म्हणाली, "पेटीवाला हाय की माझ्याकडं. घरचाच हाय."

पेटीवाला! तिनं फोनवर हात ठेवून, भुवया उंचावून माझ्याकडं बघितलं, जमंल ना, असं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं गेलो आणि तिला विचारलं, "तारीख कोणती म्हणतोय तो?"