पहिल्या पसंतीचं मत

अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या वसाहतीत साठ टाउनहाउस होती आणि त्यांच्यावर राज्य करणारी पाच जणांची कमिटी होती. कचऱ्याचे डबे कधी बाहेर ठेवायचे, दाराला कोणता रंग चालेल, पायरीवर कुंड्या किती, सगळं हीच मंडळी ठरवायची. पाच जागांना प्रत्येक घराची पाच मतं आणि निम्म्याहून जास्त घरं तळ्याकाठी, त्यामुळे दरवर्षी पाचही जण तळ्याकाठचेच निवडून यायचे. आम्ही मागच्या गल्लीतले लोक फक्त त्यांच्या नोटिसा वाचायचो.

२००६ साली आमच्या समोरच्या बाईंनी हे बदलायचं मनावर घेतलं. रिटायर्ड लायब्ररियन, एकट्या राहणाऱ्या, भलत्याच चिकाटीच्या. दारोदार फिरून सह्या गोळा केल्या आणि मतदानाची नवी पद्धत मंजूर करून घेतली. घरटी एक कागद. उमेदवारांच्या नावांपुढे आपल्या पसंतीनं एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. लोक गोंधळले. माहितीपत्रकात समजावून सांगायला आइस्क्रीमचं उदाहरण दिलं होतं, ते वाचून आणखीच गोंधळले.

आमच्या घरात मात्र एक तज्ज्ञ बसले होते. माझे सासरे अमरावतीचे रिटायर्ड मास्तर, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले. पत्रक वाचून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे तर आपल्या शिक्षक मतदारसंघासारखं आहे," ते म्हणाले.

विधान परिषदेच्या शिक्षकांच्या जागेसाठी त्यांनी आयुष्यभर असंच मत दिलं होतं. दोनदा तर मोजणीला उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणून बसले होते. थंडीनं घरात कोंडलेल्या माणसाला काम मिळालं. जेवणाच्या टेबलावर राजम्याचे दाणे मांडून त्यांनी मला सगळं समजावलं. मी एकेकाळी नागपूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवलेली, पण त्या दाण्यांत मी लहान मुलीसारखी रमले. एक घर रिकामं होतं, म्हणजे मतं एकोणसाठ. पाच जागांसाठी हिशेब केला तर कोटा दहाचा. ज्याला दहा घरांनी पहिली पसंती दिली, तो आलाच. कोणाला दहाच्या वर मिळाली, तर वरची मतं त्या कागदांवरच्या दुसऱ्या नावाकडे जातात. आणि सगळ्यात कमी पहिली मतं असलेला आधी बाद.

"आपली घरं किती?" बाबांनी विचारलं.

मी बोटांवर मोजली. चार मराठी, बाकी गुजराती, तेलुगू, एक पंजाबी. अकरा.

"मग उभी राहा."

माझ्या व्हिसावर नोकरीला बंदी होती. पाच वर्षं प्रत्येक फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात मी एक आडवी रेघ मारत आले होते. कमिटीत पगार नव्हता, म्हणून तिथे कोणाची परवानगी लागणार नव्हती. चार लोकांत बसायचं, बोलायचं, आपण बोललेलं कोणीतरी लिहून घ्यायचं. मला ती जागा अधाशासारखी हवी होती. बाहेर मात्र मी सांगत फिरले, की बाबा फारच मागे लागलेत म्हणून उभी राहतेय.

उमेदवार झाले आठ, त्यात समोरच्या बाईही होत्या. कागद भरून क्लबहाउसमधल्या पेटीत टाकायला एक आठवडा होता. तिसऱ्या दिवशी आमच्या रांगेतल्या डॉक्टर काकू भेटल्या. तीस वर्षांपूर्वी या देशात आलेल्या, आम्हा सगळ्यांच्या वडीलधाऱ्या.

"तुला दोन नंबर दिलाय हो," त्या कौतुकानं म्हणाल्या. "एक समोरच्या बाईंना दिला. एवढ्या राबल्या, त्यांना वाईट नको वाटायला. तू काय, घरचीच."

पुण्याचा एक आयटीवाला मेलबॉक्सपाशी भेटला. "वहिनी, तुम्हाला टू दिलाय, डोन्ट वरी. वन त्या कॉर्नरच्या आजोबांना दिला. स्नोमध्ये माझी कार अडकली तेव्हा त्यांनीच हेल्प केली होती ना."

मी खुशीत घरी आले. आठ जणांत दुसरी, आणि जागा पाच. बाबांना सांगितलं, तर त्यांचा चेहरा उतरला.

"पहिलं मत मागावं लागतं, पोरी. तू मागितलंस का कोणाला?"

"असं कसं मागायचं, बाबा? बरं दिसत नाही."

ते उठून आपल्या खोलीत गेले. राजम्याचे दाणे मात्र दोन दिवस टेबलावरच होते.

शनिवारी सकाळी क्लबहाउसमध्ये मोजणी झाली. बघायला बसायची मुभा होती, म्हणून बाबा स्वेटर घालून वही-पेन्सिल घेऊन माझ्याआधी जाऊन बसले. दोन बाया एकेक कागद उघडून पहिल्या पसंतीचं नाव वाचायच्या आणि त्या त्या नावाच्या गठ्ठ्यावर ठेवायच्या. समोरच्या बाईंचा गठ्ठा वाढत होता. सात, आठ, नऊ.

"वाढू दे," बाबा कुजबुजले. "दहाच्या वर गेला की तुझ्याकडे येतील."

दहा झाले. त्यानंतर त्या गठ्ठ्यावर एकही कागद पडला नाही. माझ्या नावाच्या चिठ्ठीपुढचं टेबल तर शेवटपर्यंत स्वच्छ होतं. वाटायला जादा मत कोणाचंच नव्हतं, म्हणून नियमाप्रमाणे तळाचा उमेदवार आधी बाद केला. ती मी. मोजणाऱ्या बाईंनी हळहळून सांगितलं, की इतके दोनचे आकडे दुसऱ्या कोणालाच नाहीत. मी हसून थँक्यू म्हटलं. मनातून मात्र काकूंचा, त्या पुणेकराचा, अकराच्या अकरा घरांचा मला भयंकर राग आला होता.

घरी परतताना तळ्याकाठून चालत होतो. बाबांनी वही उघडून पुन्हा एकदा बघितली.

"शून्य कसं?" ते म्हणाले. "दुसऱ्या कोणी नाही दिलं, ते समजलं. पण आपल्या घराचा कागद तूच भरलास ना?"

"मी समोरच्या बाईंना एक दिला," मी म्हणाले. "स्वतःच्या हातानं स्वतःच्या नावापुढे एक लिहायचं... लाज वाटली, बाबा. मी मला दोन दिला."

ते थांबले. रागावतील असं वाटलं, पण त्यांनी नुसतं विचारलं, "तुला नको होती का ती जागा?"

नको होती, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि रडू फुटलं. भर रस्त्यात, सासऱ्यांसमोर.

"हवी होती," मी म्हणाले. "फार हवी होती."

हे मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.