व्याह्यांचा सोनेरी नळ

जुमाकादिर मिस्त्री काम संपलं म्हणून लगेच हात पुढे करणाऱ्यांतला नव्हता. डोक्यावरचा पांढरा लोकरी कल्पाक काढायचा, नळाच्या सांध्याखाली स्टूल सरकवून त्यावर उताणा ठेवायचा आणि स्वतः चहाला बसायचा. तीन वाट्या चहा झाला की उठून कल्पाकात हात फिरवायचा. आत कोरडं लागलं की म्हणायचा, "झालं. पहिल्या हिवाळ्यात गळला तर खर्च माझा."

आम्ही अक्साकाल, म्हणजे गावची पांढऱ्या दाढीची मंडळी, चिडायचो. कल्पाक डोक्यावर शोभावा, फार तर खुंटीवर. मी एकदा म्हटलंही, "अरे, कल्पाक म्हणजे काय परात आहे?"

"अब्रू आहे, अक्साकाल. म्हणूनच तर खाली धरतो. थेंब पडायचा तर तिच्यावरच पडू दे!"

आमच्या कोकजार गावात पाण्याचे पाइप आले त्याला नऊ वर्षं झाली. तेवढ्या काळात त्याच्या कल्पाकावर एकही थेंब पडला नव्हता.

मग कालिबेकने थोरल्या लेकासाठी घर बांधलं. म्हणजे बांधलं आम्ही सगळ्यांनीच; गावाने हात लावायचा आणि घरधन्याने जेवू घालायचं, ही आमच्याकडची रीत. भिंतींना माझाही हात लागलाय, एक कोपरा जरा वाकडा आहे तो माझाच. नळ मात्र आला सुनेच्या माहेरून. कालिबेकचे व्याही एसेनकान शहरात राहतात, माणूस वजनदार. त्यांनी पाठवलेला नळ सोनेरी, मान हंसासारखी. बायका नुसता बघायला येऊन जायच्या.

जुमाकादिरने तो बसवला, कल्पाक ठेवला, चहा प्याला. कल्पाक कोरडा.

घरभरणीच्या दिवशी मेंढा शिजला, बोरसोकचे पीठगोळे तळले, पाहुणे बसले. आता जेवणाआधी सुनेने झारी घेऊन फिरायचं, पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायचं. शेकडो वर्षं असंच चाललंय, कुणाचं काही अडलेलं नाही. पण कालिबेकला चढला ताव. "झारी ठेव गं! व्याही, तुमच्याच नळाखाली हात धुवा. या!"

एसेनकान उठले. नवा कोरा कल्पाक घातलेला. नळाची मूठ फिरवली, ती हातात आली. पाण्याची चिळकांडी सुटली ती थेट डोक्यावर. कल्पाकाच्या घडीतून पाणी दाढीत, दाढीतून कोटात. आम्ही कुणी हसलो नाही. न हसायला फार कष्ट पडले.

मुख्य कॉक बंद होईपर्यंत कालिबेक जुमाकादिरवर तुटून पडला होता. "व्याह्यांना आंघोळ घातलीस! हाच का तुझा शब्द? नुकसान भरून दे आता!"

"बाइके, दादा, सांधा बघा ना, कोरडा आहे. मूठ तुटलीय. मूठ मी नाही बनवली."

"म्हणजे माझा माल खोटा?" एसेनकान थंडपणे म्हणाले. दाढीतून अजून थेंब पडत होते.

झालं! माल खोटा म्हणावं तर व्याह्यांचा अपमान, तोही भरल्या ताटांसमोर. तो माल मुलीच्या संसाराला दिलेला, सून तिथेच झारी धरून पांढरीफटक उभी. माल खरा म्हणावं तर जुमाकादिरची नऊ वर्षं पाण्यात.

"खोकं आणा," तो म्हणाला. "आत हमीपत्र असेल. दुकानदारच भरून देईल, कुणालाच झळ नको."

खोकं आलं. मी जुमाकादिरला खेटून बसलो होतो, त्याने कागद हात लांब करून धरला आणि लांबचं मला अजून स्वच्छ दिसतं. कागदावर तीन वर्षांपूर्वीची तारीख. खाली, विकत घेणाऱ्याचं नाव: कालिबेक.

मला आठवलं. तीन वर्षांपूर्वी एसेनकानांची घरभरणी होती आणि कालिबेक एक खोकं काखेत मारून गेला होता. आमच्याकडे आहेराची कापडं, शाली, डबे असेच फिरतात. कुणी उघडत नाही, पुढच्या कार्याला पुढच्या घरी. नळही तसाच फिरून आला होता, तीन वर्षं खोक्यात बसून मुठीला तडा घेऊन.

जुमाकादिरने कालिबेककडे बघितलं, मग एसेनकानांकडे, मग सुनेकडे. कागदाची घडी घातली आणि समोवराच्या निखाऱ्यात टाकली.

"माझी चूक. मूठ जास्त आवळली. नवा नळ मी देतो."

"डोकं फिरलंय का तुझं?" त्याची बायको बुरुलचा दारातून ओरडली. "आधी आपल्या घरचा नळ बादलीत गळतोय तो बघ!"

कालिबेकने मात्र खोक्याला बांधलेल्या दोरीची गाठ बोटाने चाचपली, ती त्याच्याच हातची होती, आणि एकदम चहा फार आवडल्यासारखा वाटीत बघू लागला.

नवा नळ बसला, साधा, पांढरा. पण त्यानंतर जुमाकादिरला कामाला कुणी बोलावेना. "कल्पाक वाळला का रे?" असं पोरंसुद्धा विचारायची. कालिबेकने एक मेंढा आणून त्याच्या अंगणात बांधला, "आमच्याकडे चारा कमी पडतोय," म्हणाला. भर उन्हाळ्यात! पण चारचौघांत खरं बोलायला त्याचं तोंड उघडेना.

शरदात एसेनकान आले. खोकं कुठून आलं होतं ते त्यांना आठवलं असावं. गावच्या सभेच्या दिवशी, सगळ्यांसमोर, त्यांनी जुमाकादिरला हाक मारली. "मिस्त्री, शहरात माझ्या सगळ्या घरात नव्याने पाइप घालायचेत. दुसऱ्या कुणाचा हात मला नको. तो नळ मुळातच तुटका होता. दिला मी होता." आणि स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावर नवा कल्पाक चढवला.

लोकांनी "ओमीन" म्हणत, दुआ संपवतात तसे, तोंडावरून हात फिरवले. दुसऱ्या दिवसापासून जुमाकादिरला जेवायला फुरसत उरली नाही.

संध्याकाळी त्याने तो कल्पाक मला दाखवायला आणला. मी आत बघितलं. शिवणीत निळ्या दोऱ्याचे तीन टाके. असे टाके आख्ख्या खोऱ्यात एकच बाई घालते, माझी बायको. एसेनकानांच्या घरभरणीला मीच दिला होता तो कल्पाक.

"कसा आहे, अक्साकाल?"

"उत्तम माल," मी म्हटलं. "हा गळायचा नाही."