भिंतीतली मास्तरीण

मिस्त्रीला भुताची भीती नव्हती. त्याला भीती होती शेजाऱ्यांची, आणि ती काही खोटी म्हणता येणार नाही. भूत कधी जिन्यात अडवून विचारत नाही, "काय हो, लेक काय म्हणते तुमची?"

नळाच्या कामाला त्याच्यासारखा माणूस आसपास नव्हता, आणि हे सगळ्यात आधी तोच सांगायचा. लोकांच्या घरी गेला की गडी खुलायचा. ओट्याखाली आडवा पडून, दातात वॉशर धरून घरातल्या आजीबाईंची थट्टा करायचा. स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "इथं फोडा." कधी चुकला नाही असं नाही, पण चुकला तर दोष भिंतीचा. आणि हाच बाबा घरी आला की मुका! चप्पल काढली की जीभही त्याच कोपऱ्यात ठेवायचा.

बोलायचं खातं बायकोकडे होतं. ती दोघांपुरतं बोलायची, तिघांपुरतंही बोलायची. मग वर्षापूर्वी लेकीनं आपल्या पसंतीनं एका फोटोग्राफरशी लग्न केलं आणि दोघं दारात येऊन उभी राहिली. मिस्त्री उंबऱ्याच्या आतून म्हणाला, "मला मुलगी नाही." एवढं म्हणून दार लावलं. स्वतःच्या हातानं.

बायको मागेच उभी होती. ती म्हणाली, "बरं. मग मलाही बोलायला कुणी नाही."

राग आहे, चार दिवसांत उतरेल, असं मिस्त्रीनं धरलं. कसला उतरतोय! जेवण वाढलंय, गॅस संपला, किल्ली कोनाड्यात आहे, या तीन वाक्यांवर त्या घराचा संसार चालू राहिला. आधी मिस्त्रीही अडून बसला, मग त्याची सवय झाली, आणि मग एके दिवशी काम करता करता त्याच्या लक्षात आलं की आपल्याला घरी जायची इच्छाच होत नाही. त्यात शेजाऱ्यांच्या चौकशा. शेवटी त्यानं घर बदलायचं ठरवलं.

मिळालं ते घर रस्त्याच्या टोकाला होतं. अंगाला अंग लावून एकही घर नाही. आत दोन खोल्या आणि न्हाणीघर, वर पाण्याची टाकी, भिंती हातभर जाड. घरमालक सरळ माणूस. म्हणाला, "लपवत नाही मिस्त्री, इथं कुणी टिकत नाही. पूर्वी एक मास्तरीण राहायच्या. नोकरी संपली, मागं-पुढं कुणी नाही. म्हणे बसल्या बसल्या भिंतीवर टकटक करायच्या, कुणी तरी ओ द्यावी म्हणून. त्या गेल्या, पण टकटक काही जाईना. आधीचं बिऱ्हाड आठवडाभरात पळालं."

मिस्त्री हसला. बायको हसली नाही. ती भिंतीकडे बघत होती.

पहिल्याच संध्याकाळी पाणी सुटलं, टाकी भरत आली आणि मधल्या भिंतीतून आवाज आला. ठक. जरा वेळानं, ठक-ठक. मागल्या खोलीत सामान लावता लावता मिस्त्रीचे कान टवकारले आणि दुसऱ्या ठोक्याला त्यानं चोर पकडला. टाकी भरली की पाणी बंद करायचं काम बॉलकॉकचं. इथला बॉलकॉक म्हातारा झालेला. धड बंद होईना, धड उघडा राहीना, पाण्यावर नुसता नाचत होता आणि दर नाचाचा धक्का भिंतीतल्या सैल पाइपाला बसत होता. अर्ध्या तासाचं काम! एवढ्याला घाबरून माणसं बिऱ्हाडं हलवतात? हे बायकोला सांगून जरा भाव खावा म्हणून तो पाना घेऊन दारापर्यंत आला.

बायकोनं भिंतीला तळवा लावला होता. "या, मास्तरीणबाई," ती म्हणाली. "चहा घेणार का?"

मिस्त्री तिथंच खिळला. वर्षभरानं तिच्या तोंडून धड, माणसासारखं वाक्य आलं होतं, आणि आलं ते कुणासाठी, तर बॉलकॉकसाठी! त्यानं पाय न वाजवता मागे येऊन पाना पिशवीत ठेवला.

तेव्हापासून रोजचंच झालं. पाणी सुटायच्या वेळेला बायको दोन कप घेऊन भिंतीपाशी बसायची. एक आपला, एक मास्तरीणबाईंचा. मिस्त्रीही आताशा उरलेलं काम उद्यावर टाकून त्या वेळेला घरी हजर. मागल्या खोलीत दार किलकिलं ठेवून वॉशर निवडत बसायचा. निवडलेलेच पुन्हा निवडायचा. ती उठून गेली की मास्तरीणबाईंचा गार झालेला चहा गुपचूप पिऊन टाकायचा. त्यात साखर नेमकी त्याला लागते तेवढी असायची, पण एवढ्यानं डोक्यात उजेड पडला असता तर तो मिस्त्री कसला!

बायकोच्या गुडघ्यात कळ येते, हे त्याला तिथं कळलं. लेक दुपारी फोन करते, हेही तिथंच. जावई हातानं चहा करून देतो, त्यात आलं फार घालतो. आणि एके दिवशी बायको भिंतीला म्हणाली, "तिचा नळ गळतोय हो, मास्तरीणबाई. टपटप आवाजानं झोप येत नाही म्हणून खाली फडकं घालून ठेवते. कुणाला बोलवत नाही. म्हणते, बाबांशिवाय दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

मिस्त्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या लेकीच्या घरात नळ गळतो आणि खाली फडकं! हातातले वॉशर खाली सांडले. सगळे गोळा करून होईपर्यंत त्याला कळलं की आपल्याला राग आलेला नाही, रडू येतंय.

पण उठून बाहेर जाणं झालं नाही. कुठल्या तोंडानं जाणार? आणि गेला आणि ती पुन्हा गप्प झाली तर? ऐकायला मिळतंय तेवढंही जायचं.

आणखी एकदा तिनं आपला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मास्तरीणबाई, तुम्ही एकट्या होता, ते तरी बरं होतं. मी दोघांत एकटी आहे."

त्या दिवशीचा चहा मिस्त्रीला गिळवला नाही.

पुढं व्हायचं ते झालं. बॉलकॉकनं एक दिवस मानच टाकली. टाकी भरून वाहिली, भिंतीवर ओल आली आणि घरमालक धावत आला. "अहो, तुम्ही स्वतः प्लंबर, आणि घराची ही दशा?" मिस्त्री टाकीवर चढला. जुनाच बॉलकॉक तात्पुरता बसवावा, थोडी ठकठक राहू द्यावी, असा त्याचा बेत. पण गंजलेला दांडा हातात तुटून आला. नवा घातला. मग नव्याचा दांडा मुद्दाम वाकडा करून पाहिला, तर बोटांनी आपणहून तो सरळ केला. जन्मभर लोकांच्या घरातले आवाज बंद केले, पण आवाज ठेवून दुरुस्ती कशी करतात हे कुणी शिकवलंच नव्हतं.

संध्याकाळी पाणी सुटलं. टाकी भरली. भिंत गप्प.

बायको दोन कप घेऊन बसली होती. थोडा वेळ वाट पाहून तिनं आपला चहा संपवला, दोन्ही कप उचलले आणि दुसरा बेसिनमध्ये ओतून टाकला. दुसऱ्या दिवशीही तसंच. घरात पुन्हा ती तीन वाक्यं उरली.  मिस्त्रीनं लेकीसाठी दार लावलं होतं तेव्हा निदान रागाच्या भरात लावलं होतं. हे तर डोकं ताळ्यावर असताना केलं.

तिसऱ्या दिवशी पाणी सुटायच्या वेळेला तो न्हाणीघरात शिरला आणि कडी लावली. मधल्या भिंतीतला पाइप तिथं बाहेर निघत होता. पान्यानं त्यानं हळूच ठोकलं. ठक. जरा थांबून, ठक-ठक. कट्ट्यावरच्या बादलीला धक्का लागून खांदा भिजला, तरी हलला नाही.

"आलात का?" भिंतीपलीकडून बायकोचा आवाज आला. मिस्त्रीनं डोळे मिटून घेतले. "दोन दिवस वाट बघितली. लेकीचा फोन होता. जावयाला लांब कुठं काम मिळालंय, पुढच्या महिन्यात जाताहेत. विचारत होती, जायच्या आधी एकदा येऊन जाऊ का? मी म्हटलं, मला विचारू नकोस बाई. दार मी लावलं नव्हतं."

 मिस्त्रीनं ठोकलं. ठक. ठक-ठक.

"हे काय उत्तर झालं?" बायको म्हणाली. मग जराशानं, "अहो, तो पाना खाली ठेवा आणि बाहेर या. चहा निवतोय."

तो बाहेर आला. खांद्यावरून पाणी गळतंय, पाना हातातच. परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा उभा राहिला.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. भूत काय पाणी सुटायची वाट बघत बसतं? इतकी वर्षं तुमच्या घरात काढली, बॉलकॉकचा आवाज ओळखू येत नाही मला?"

"मग बोलत कुणाशी होतीस?"

"चहा कोण पीत होतं?" ती म्हणाली. "तोंडावर बोलले असते तर ऐकलं असतंत? भांडून बाहेर निघून गेला असतात. भिंतीशी बोलले तर रोज वेळेवर घरी यायला लागलात." तिनं दुसऱ्या कपावर बशी ठेवली. "पण तुम्ही कधी ओ दिली नाहीत हो. मी रोज वाट बघायचे, आज दार उघडून बाहेर येतील. त्या मास्तरीणबाईंची काय गत झाली असेल, ते मला इथं बसून कळलं."

मिस्त्री खुर्चीवर बसला. ये म्हणावं तिला, एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द.  त्याऐवजी त्यानं खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि भिंतीला तळवा लावला.

"मास्तरीणबाई," तो म्हणाला. आवाज फाटका निघाला. "हिला जरा विचारा. लेकीचा तो गळका नळ भिंतीतला आहे, की ओट्यावरचा? वॉशर कुठला न्यायचा, ते कळायला नको?"

 बायकोनं फोन त्याच्यापुढे सरकवला. "मला काय माहीत? तिलाच विचारा."

मिस्त्रीनं पाना मांडीवर ठेवला आणि फोन हातात घेतला.

"नंबर सांग," तो म्हणाला. आपल्या फोनातून तो त्यानं दार लावलं त्याच दिवशी पुसून टाकला होता, आणि पाठ कधीच नव्हता.

बायको एकेक आकडा सांगू लागली.