फळ्यावरचा दुसरा अर्थ

"ओ मास्तर, फेका ते पुस्तक! घरवालीनं तोंड देखा, बठ्ठा रंग उडी गया!"

समोरच्या अक्का ओरडल्या. आवाज पारोळ्याच्या किल्ल्यावर आपटून परत आला, असं मी सांगतो. मुलगी म्हणते, नाही आला.

आमच्याकडे बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा दिवस होता. एकीच्या अंगणात गल्लीतल्या सगळ्या जमतात, मग दुसरीच्या; जी आली, तिच्याकडे जावंच लागतं. ऊन असं, की चुलीला काडी लावायची गरजच नव्हती. मी ओट्यावर बसून मुलीला 'वॉश्ड-आउट' हा इंग्रजी शब्द समजावत होतो. पहिला अर्थ, धुऊन धुऊन रंग गेलेलं. उदाहरण समोरच, खाटेवर अंथरलेली बायकोची जुनी साडी. बिबडे तसल्याच साडीवर घालतात, नवीचा रंग लागतो. दुसरा अर्थ, थकून पार निस्तेज झालेलं माणूस. त्याला उदाहरण सुचेना. वीस वर्षं मी तो नुसता फळ्यावर लिहून देत आलोय.

तेवढ्यात ती आरोळी.

बायको चुलीजवळ उभी. पहाटेपासून ज्वारीचा घाटा, म्हणजे बिबड्यांचं शिजतं दाट पीठ, तीच घोटत होती. घोटणारी मध्ये उठत नाही. घाटा खाली लागला तर वर्षभर नावं ठेवतात. हातात दांडा तसाच, पण ओठ, गाल, कपाळ, सगळं पांढरंफटक. घामाचा थेंब नाही. मी हाक मारली. तिने माझ्या पलीकडे कुठेतरी बघितलं.

वाघाला कान धरून गावाबाहेर सोडल्याची गोष्ट मी चारचौघांत छाती काढून सांगतो. तेव्हा मात्र मुलीचा खांदा धरूनच ओट्यावरून उतरलो.

"अक्का, हिला काही होणार नाही ना?"

"माले काय इचारतस? उचला तिले!"

दवाखान्यात सलाईनच्या एकेका थेंबाबरोबर मी एकेक श्वास घेत होतो. थेंब इतके सावकाश, म्हणजे जवळजवळ मेलोच. दुसरी बाटली संपताना ओठांवर जरा लाली आली.

"सकाळपासून पोटात काही नाही, वर हे ऊन," डॉक्टर म्हणाले. "अर्धा तास उशीर झाला असता तर..." त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. "आठ दिवस चुलीपाशी जायचं नाही."

बायकोने सुई काढलेला हात चोळला.

"उद्या अक्कांचे बिबडे आहेत," ती म्हणाली. "त्या आज आल्या होत्या."