ग्रॅनाइट नव्हे, गॅब्रो

देवपूरच्या बसथांब्यावर लेकीच्या स्मरणार्थ बाकडं बसवायचं ठरलं. कॉलेजची बस ती तिथूनच पकडायची. डेंग्यूने पोरगी गेली त्याला वर्षही झालं नव्हतं. बाकड्याच्या पाठीला नावाची काळी पाटी हवी, म्हणून आम्ही दोघं दगडाच्या दुकानात गेलो.

"हा घ्या ताई, एक नंबर ब्लॅक ग्रॅनाइट," शेठजी म्हणाले.

झालं! माझं डोकंच फिरलं. आयुष्यभर भूशास्त्र शिकवलं, ते काय हे ऐकायला? पर्समधून भिंग काढलं आणि पाटीची पॉलिश न केलेली कड उजेडाकडे धरली. करडा फेल्डस्पार, चपट्या लांबट कणांचा. त्याच्या मधेमधे काळा पायरोक्सीन. गारगोटीसारखा काचेरी क्वार्ट्झ औषधालाही नाही.

"शेठजी, क्वार्ट्झ नाही तर ग्रॅनाइट कसला? हा गॅब्रो आहे. कण डोळ्यांनी दिसतात, म्हणजे जमिनीखाली सावकाश थंड झालेला. आपल्याकडचा काळा दगड बघा, लाव्हा झटकन थंड होऊन झालेला, त्यात एक कण दिसेल तर शपथ!"

"अहो ताई, बाजारात काळं ते सगळं ग्रॅनाइटच."

"बठ्ठा लोके ग्रॅनाइटच म्हनतस," हे हळूच म्हणाले. जीव घाबरा झाला की यांच्या तोंडी गावाकडची बोली येते.

"म्हणू देत. माझ्या मुलीच्या पाटीला मी खोटं नाव लावू देणार नाही."

लेक असती तर खो खो हसली असती. स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून आमचं हेच भांडण चालायचं. "आई, बिचाऱ्या ओट्याला तरी पास कर गं," म्हणायची. त्या दुकानात तिची इतकी आठवण आली, की मी आणखी जोरात भांडत राहिले. भांडण थांबलं की पाटीवरचा मजकूर द्यायचा होता, आणि तो मला द्यायचा नव्हता.

शेवटी शेठजींनी हात जोडले. "बरं, गॅब्रो तर गॅब्रो. बिलावर तेच लिहितो." मग कागद पुढे ओढून त्यांनी लेकीचं नाव विचारलं. मी सांगितलं.

"आधी कै. कु. लिहू, की नुसतं कै.?"

"कु. लिहा."

"ताई, स्मरणार्थ म्हटलं की कै. लागतं. नुसतं कु. लिहिलं तर लोकांना वाटेल, मुलगी..."

"वाटू दे! तुमचं काय जातंय?"

"अगं, जे आहे ते लिहू दे त्यांना," हे म्हणाले.

मी भर दुकानात यांच्यावर ओरडले. "तुम्ही गप्प बसा! तुम्हाला दगडातलं काही कळत नाही!"

शेठजींनी पेन खाली ठेवलं. यांनी ते उचललं, चष्मा पुसला आणि आमच्या मुलीच्या नावाआधी स्वतःच्या हाताने कै. लिहिलं.