टेपर जमवणाऱ्या मावशी

"हात लावू नका. आधी निळं काय बोलतं ते बगू!" मशीन कुणाचंही असो, मावशींचं पहिलं वाक्य हेच. नमस्कार, पाणी, चहा सगळं नंतर.

राजापूरकडच्या या मावशींनी उमेदीची वर्षं मुंबईत एका कारखान्याच्या ग्राइंडिंग खात्यात काढली होती. कारखाना बंद पडला तशा गावी परतल्या. मिरजोळ्यातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये मी त्यांना बोलावलं ते नाइलाजानेच. मिलिंग मशीनच्या स्पिंडलचा टेपर, म्हणजे कटर ज्यात घट्ट बसतो ते आत निमुळतं होत गेलेलं भोक, झिजला होता. कटर थरथरायचा. मासेमारीची बंदी उठायला चार दिवस, तीन लाँचांचे शाफ्ट माझ्याकडे अडकलेले, आणि पुण्याचे दुरुस्तीवाले महिनाभर थांबा म्हणत होते.

मावशींनी मशीनच्या टेबलावरच छोटा ग्राइंडर बांधला, कोन लावला आणि टेपर आतून घासायला घेतला. मग फडक्यात गुंडाळलेला गेज, म्हणजे टेपरच्या नेमक्या मापाचा पोलादी दांडा, काढून त्यावर निळ्या रंगाची बारीक रेघ ओढली, आत सरकवून हलकेच फिरवला; जिथे तो टेकेल तिथेच रंग फासला जाणार. बाहेर काढला, तर रंग फक्त आतल्या टोकाला फासला गेलेला.

माझा चेहरा उतरला.

"तोंड कशाला पाडता वो? पुढं सैल हाय, एवढं कळलं ना? कोन केसभर चुकलाय. अर्धं काम झालं की!"

दुसऱ्या खेपेला रंग नेमका मधे फासला, दोन्ही टोकांना रेघ जशीच्या तशी. "चाक उंचीला बरोबर नाय," म्हणत त्यांनी ग्राइंडरखाली पत्र्याची पातळ पट्टी सरकवली. आता मलाही धीर निघेना.

तिसऱ्या खेपेला गेज बाहेर आला आणि मावशी किंचाळल्याच, "बगा वो, बगा!" या टोकापासून त्या टोकापर्यंत निळं एकसारखं! वर्कशॉपमधले आम्ही सगळे हातातली कामं टाकून धावलो. कटर लावला. खडखड गायब! नुसती एकसुरी घूं! बंदी उठायच्या आदल्या सकाळी तिन्ही शाफ्ट मिरकरवाड्याच्या बंदरात पोचले.

टेपर जमला त्याच दुपारी मावशींना राजापूर गाडीत बसवलं. गाडी सुटली तरी खिडकीतून निळी बोटं नाचवत त्या मला काहीतरी ओरडून सांगत होत्या. इंजिनाच्या आवाजात एक शब्द कळला नाही. फोनवर विचारू म्हटलं, ते राहूनच गेलं. दिवाळीनंतर त्या गेल्याची बातमी आली.

मी मात्र तेव्हा, सगळं समजल्यासारखा, गाडी वळणाआड जाईपर्यंत मान डोलावत उभा होतो.