एका लॉगिनवर दोघं

महाडच्या ऑफिसात पुराचं पाणी शिरलं, त्या वर्षी शेठनी मोठा कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर हलवला आणि मला घरून काम करायला सांगितलं. आमची एजन्सी पाइपांची आणि पाण्याच्या टाक्यांची. मालाची सगळी नोंद त्या एका कॉम्प्युटरवर राहायची आणि आम्ही आपापल्या जागेवरून इंटरनेटने त्यात शिरायचो. मी पोलादपूरच्या घरातून, गोदाम सांभाळणारे काका दासगावहून. त्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मात्र शेठनी एकाच माणसाचं घेतलं होतं. लॉगिन एक, पासवर्ड एक, माणसं दोन.

त्यामुळे व्हायचं असं, की मी आत असताना काका आले की मी बाहेर फेकली जायचे. पडदा काळा, आणि दुसऱ्या ठिकाणाहून कुणीतरी आत आल्याची पाटी. पहिल्या आठवड्यात चार वेळा असं झालं, तेव्हा फोन करून मी काकांना चांगलंच झापलं. मी मुळातच फटकळ, आई गेल्यावर घरात एकटी राहून जरा जास्तच झाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि यापुढे विचारून येईन एवढंच म्हणाले.

तेव्हापासून फोनची रीत पडली. "बाय, निघतेस का?" असं ते विचारायचे. मी म्हणायचे, दोन ओळी राहिल्यात, थांबा. त्या दोन ओळी होईपर्यंत फोन चालूच. सावित्री नदीचं पाणी कुठवर आलंय, मुंबईचा मुलगा या शिमग्याला येतो म्हणतोय, असलं काहीबाही. मग मी निघायचे आणि ते यायचे. दुपारी माझी पाळी असायची विचारायची. दिवसातून चार-पाच फोन व्हायचे. पुष्कळ दिवस असे गेले, की माझ्याशी बोललेलं माणूस म्हणजे फक्त काका.

आणखी एक गंमत होती. लॉगिन एकच असल्यामुळे ते जे उघडं टाकून निघायचे, ते माझ्यापुढे तसंच यायचं. अर्धवट बेरीज, मोठ्या अक्षरात लिहिलेली एखादी यादी. एकदा तांदळाची भाकरी फाटते कशामुळे, हे शोधलेलं पान उघडं होतं. काकू गेल्यापासून ते स्वतःच थापत होते. पुढच्या फोनवर मी न विचारताच सांगून टाकलं की पिठाची आधी उकड काढा. ते हसले.

लायसन्सच्या नूतनीकरणाची वेळ आली, तेव्हा सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचा एक फॉर्म आला. शेठनी तो काकांना भरायला आणि मला तपासायला सांगितला. मी आत शिरले तर फॉर्म समोर उघडाच होता. हे लॉगिन किती व्यक्ती वापरतात, या प्रश्नापुढे काकांनी लिहिलं होतं, १.

माझं डोकंच फिरलं. मला खोटं खपत नाही. म्हातारपणी शेठचे पैसे वाचवून मर्जी राखायला खोटं लिहितात, असं वाटलं मला. एक खोडून मी दोन केले आणि फॉर्म पाठवून दिला. फोन करून विचारावंसंही वाटलं नाही. काका नंतर आत आले असणार, त्यांनी ते पाहिलंही असणार. पण त्या दिवशीच्या फोनवर ते त्यातलं अक्षरही बोलले नाहीत.

शेठनी कुरकुर न करता दोन लायसन्स घेतली. मला माझं लॉगिन मिळालं, काकांना त्यांचं. पडदा उघडला की समोर फक्त माझंच काम. आता कुणी मला बाहेर काढत नव्हतं. पहिल्या दिवशी दुपारी सवयीने फोन हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. काकांचाही आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही. घर इतकं गप्प असतं, हे मला तेव्हा कळलं. कंटाळा नव्हता तो, मला त्यांची आठवण येत होती.

वर्षअखेरच्या मालमोजणीला मी दासगावला गेले. काका पाइपांचे सांधे मोजत होते, मी लिहून घेत होते. मध्येच मी विचारलं, त्या फॉर्मवर एक का लिहिलंत, खोटं होतं ते.

"व्हय, खोटंच हाय," ते म्हणाले. हातातला सांधा त्यांनी खोक्यात टाकला. "पण दोन लिवलं असतं, तर तू फोन कशाला केला असतास?"

मी म्हटलं, अजूनही करा की, मी घरीच असते.

"आता काय म्हणून करू गो?"

त्यांनी रागाने नाही विचारलं. खरंच विचारलं. ते एकटे, मी एकटी, आणि आमच्याकडे बाईमाणसाला फोन करायला काहीतरी काम असावं लागतं. ते काम मी माझ्या हाताने खोडलं होतं.

परतीच्या एसटीत पोलादपूर येईपर्यंत मी एखादं कारण शोधत होते. एकही सापडलं नाही.